ऑफिस + प्रवास, दोन्हीला चालतील असे स्वस्तातले क्लोज्ड-बॅक हेडफोन सुचवा (चष्मा आहे!)

खिडकीजवळची
नमस्कार मंडळी, आधी माझी फजिती सांगते म्हणजे गरज काय आहे ते कळेल. दोन वर्षांपूर्वी भावाने त्याचे जुने मोठे हेडफोन मला दिले, कानावर उशी ठेवल्यासारखे मऊ आणि आवाज असा की गाणारा समोर येऊन बसलाय, घरी मी एकदम खूश होते. मागच्या महिन्यापासून रोज ऑफिसला जाणं सुरू झालं आणि आमच्याकडे केबिन वगैरे भानगड नाही, एकच लांबलचक टेबल आणि दोन्ही बाजूंना माणसं, म्हणून ते हेडफोन तिकडे नेले. दुसऱ्याच दिवशी शेजारच्याने माझ्या स्क्रीनच्या कडेला चिठ्ठी चिकटवली, "गाणं चांगलंय, पण सकाळपासून पाचव्यांदा लागलं." मेल्याहून मेल्यासारखं झालं हो. मला वाटत होतं एवढे मोठे कप कान झाकतायत म्हणजे आवाज आतच राहत असेल. घरी येऊन नीट बघितलं तर कपाच्या बाहेरच्या अंगाला नुसती जाळी, दिव्यासमोर धरलं तर पलीकडचा उजेड दिसतो. भावाला विचारलं तर म्हणे, अगं ते ओपन-बॅक आहेत, ते असेच असतात, ते बाहेर नेतं का कोणी.

तर आता क्लोज्ड-बॅक, म्हणजे बाहेरून बंद कपाचे घ्यायचेत. वापर असा: ऑफिसात दिवसाचे पाच-सहा तास, त्यात दोन-तीन कॉल. महिन्यातून एकदा रात्रीचा ट्रेनचा प्रवास, वर्षातून एखाद-दोनदा विमान. चष्मा कायम असतो, जाड फ्रेमचा. बजेट कमी आहे, ते जाहिरातीतले भारीवाले नॉइज कॅन्सलिंग (बाहेरचा आवाज मारणारे) सोडूनच द्या, त्यांच्या तिसऱ्या हिश्शात बसेल असं काहीतरी हवंय.

प्रश्न तीन. एक, स्वस्तातलं नॉइज कॅन्सलिंग घेण्यात अर्थ आहे का, की नुसते बंद कप पुरतात? दोन, वायरचे की बिनवायरचे? तीन, सगळीकडे ते स्टुडिओवाले हेडफोन घ्या असं लिहिलेलं असतं, ते माझ्यासारखीने घ्यावेत का, मी काही गाणी रेकॉर्ड करत नाही.

वायरवाला
तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो कारण माझं दुखणं तेच आहे, पंधरा वर्षं हेच डोक्यावर घालून बसतोय. स्टुडिओत क्लोज्ड-बॅक वापरतात त्याचं कारण आणि तुमचं कारण एकच आहे हो. गायक माइकसमोर उभा असतो, त्याच्या कानात तालाचा ट्रॅक चालू असतो, तो बाहेर गळला तर माइकमध्ये जाऊन रेकॉर्डिंगची वाट लागते. तुमच्याकडे माइकच्या जागी शेजारी आहे एवढाच फरक.

आता नावं. सोनीचा एमडीआर-७५०६, १९९१ पासून तोच मॉडेल चालू आहे, निळा पट्टा असलेला, कुठल्याही जुन्या स्टुडिओत दिसेल, हलका आहे, घडी होते, ६३ ओहम (विजेला होणारा अडथळा, जास्त असला की वाजवायला सहसा जास्त जोर लागतो) असला तरी फोनवर आरामात वाजतो. पण वायर गुंडाळीची, जड आणि कायमची जोडलेली, ताणली की तीन मीटर होते आणि ट्रेनमध्ये ती मांडीवर सापासारखी पडून राहते. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स, ३५ ओहम, वायर काढता-घालता येते, कप आत दुमडतात, आवाज बराचसा सरळ, म्हणजे बेस वगैरे फुगवलेला नाही. त्याचाच मोठा भाऊ एम५०एक्स, त्यात बेस थोडा जास्त, नावही जास्त, पैसेही जास्त, तुमच्या कामाला मला तरी गरज वाटत नाही. सेनहायझरचा एचडी २८० प्रो, बाहेरचा आवाज अडवण्यात या सगळ्यांत तो पुढे, कंपनी ३२ डेसिबलपर्यंत म्हणते, पण डोकं असं धरतो की काय विचारू नका. आणि बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, बसायला सगळ्यात आरामशीर पण घडी होत नाही, बॅगेत अर्धी जागा खातो, आणि घेतलाच तर ३२ ओहमवाला घ्या, २५० ओहमवाला फोनला लावलात तर आवाज पूर्ण वाढवूनही पुटपुटल्यासारखा येईल आणि मग इथे येऊन मला शिव्या द्याल.

ते "३२ डेसिबलपर्यंत" यातलं "पर्यंत" नीट वाचायचं बरं का. बंद कप तीक्ष्ण आवाज चांगला अडवतात, म्हणजे कीबोर्डची टकटक, भांड्यांचा आवाज, बोलण्यातले स, च, ट. इंजिनाची घरघर कपातून बऱ्यापैकी तशीच आत येते. कुठल्याही कंपनीचा आकडा असो, तो सगळ्या आवाजांना सारखा लागू नसतो.

वायरचेच घ्या. चार्जिंग नाही, पेअरिंग नाही, दहा वर्षं टिकतात.

अपडाऊनवाली
वायरवाले दादा तुमचं सगळं मान्य पण तुम्ही बसता शांत खोलीत. मी रोज येऊन-जाऊन चार तास गाडीत असते आणि ती जी घरघर तुम्ही एका ओळीत उरकलीत ना, तीच माणसाला थकवते. तासाभराने कळतही नाही ती चालू आहे म्हणून, आणि उतरल्यावर डोकं बधिर झालेलं असतं. त्यावर नॉइज कॅन्सलिंगसारखं दुसरं काही नाही, स्वस्तातलंसुद्धा.

खिडकीजवळची, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर "कुठला आवाज" यावर आहे. नॉइज कॅन्सलिंग म्हणजे बाहेर लावलेला छोटा माइक बाहेरचा आवाज ऐकतो आणि हेडफोन त्याच्या बरोबर उलटी लाट कानात सोडतो, दोन्ही एकमेकींना मारतात. आता इंजिनाची घरघर समजा १०० हर्ट्झची (सेकंदाला १०० कंपनं), तिची एक लाट हवेत जवळपास साडेतीन मीटर लांब असते, म्हणजे उलटी लाट एवढी-तेवढी पुढे-मागे झाली तरी जुळून जातं. पण बोलण्यातले स्पष्ट उच्चार ३००० हर्ट्झच्या आसपासचे, त्यांची लाट साधारण ११ सेंटीमीटर, वितीपेक्षाही लहान, तिथे जरा वेळ चुकली की झालं. म्हणून साधारण १००० हर्ट्झच्या वर नॉइज कॅन्सलिंगचा जोर ओसरतो आणि तिथून पुढचं काम कप आणि कानाभोवतीच्या गादीलाच करावं लागतं. स्वस्त-महाग यातला फरकही बराचसा इथेच असतो, घरघर तर स्वस्तवालेही छान मारतात.

विमानात तर घ्यावंच. हे सगळं सुरूच विमानातून झालं म्हणतात, अमर बोस १९७८ मध्ये झुरिकहून परत येताना विमानातले हेडफोन लावून बसले, इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून तिथल्या तिथे कागदावर गणित मांडायला बसले. वैमानिकांसाठीचा त्यांचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं. आज तेच तंत्र तुझ्या बजेटात मिळतंय.

नावं विचारशील तर सोनीचा डब्ल्यूएच-सीएच७२०एन बघ, १९२ ग्रॅम, नॉइज कॅन्सलिंग चालू ठेवून ३५ तास चालतो असं कंपनी म्हणते, आणि हलका असल्यामुळे डोक्यावर आहे हे विसरायला होतं. नाहीतर अँकर साउंडकोरचा लाइफ क्यू३०, तो थोडा जड आहे पण घडी होऊन छोट्या डब्यात बसतो. दोन्हींना गरज पडली तर वायरही लागते.

चष्मिश्ट
अरे थांबा जरा. तिने कंसात चष्मा लिहून पुढे उद्गारचिन्ह टाकलंय आणि तुम्ही दोघं ओहम आणि हर्ट्झवर भांडताय. माझ्या मते चष्मेवाल्यांसाठी मॉडेल हा दुसरा प्रश्न आहे.

ऐक गं, बंद हेडफोनचं सगळं गणित कानाभोवती गादी किती घट्ट बसते यावर आहे. चष्म्याची काडी गादीखालून जाते, तिथे दोन्ही बाजूंना बारीक फट पडते. त्या फटीतून आतला बेस गळतो, बाहेरची घरघर आत येते, आणि नॉइज कॅन्सलिंग असलं तर त्याचंही गणित बिघडतं. म्हणजे एकाच फटीने तिघांची वाट. मी चार वर्षं एका हेडफोनला "याला बेसच नाही" म्हणून नावं ठेवत होतो, एक दिवस चष्मा काढून आडवा पडलो आणि तोच हेडफोन, तेच गाणं, ढोलकीचा धुम् थेट छातीत. चार वर्षं मी हेडफोनला नाही, स्वतःच्या चष्म्याला नावं ठेवत होतो.

पारखायचं कसं ते सांगतो, एका मिनिटाचं काम आहे. बेसवालं गाणं लाव, चष्मा घालूनच. आता दोन्ही तळव्यांनी कप हलकेच डोक्यावर दाब. बेस एकदम वाढला? म्हणजे फट आहे. काहीच फरक पडला नाही तर गादी बरोबर बसलीय, मग तो हेडफोन तुझ्या डोक्याचा. मग चष्मा काढून परत ऐक. ही परीक्षा दुसरं कोणी तुझ्यासाठी देऊ शकत नाही, कारण ते डोकं, तो जबडा आणि ती काडी तुझी आहे. इथे शंभर जणांनी एखादं नाव सुचवलं तरी.

आणि दुसरी गोष्ट, दुखणं. घट्ट पकडीचा हेडफोन चष्म्याची काडी कानामागच्या हाडावर दाबतो. पहिली वीस मिनिटं काही वाटत नाही, चाळिसाव्या मिनिटाला ठणका सुरू. म्हणून दोन मिनिटं घालून ठरवू नकोस, तासभर घालून बघ. एचडी २८० ची पकड चष्मेवाल्यांना जाचते, ती सैल व्हायला वेळ लागतो. मऊ मेमरी फोमची जाड गादी काडीभोवती वळते, कडक पातळ गादी नाही वळत. मखमली गादी चष्म्याला सगळ्यात प्रेमळ पण ती हवा सोडते, आवाज कमी अडवते.

फुकटचा उपाय: पातळ धातूची काडी असलेला जुना चष्मा घरात पडला असेल तर तो ऑफिसात ठेव. खरंच सांगतो, नवीन हेडफोनपेक्षा जास्त फरक पडेल.

वायरवाला
मान गये. मी चष्मा लावत नाही म्हणून हे कधी डोक्यातच आलं नाही.

कानात_बोंडं
एवढं रामायण कशाला, फोमची बोंडं असलेले इअरफोन घ्या, चष्म्याचा प्रश्नच मिटला, बाहेरचा आवाज कपापेक्षा जास्त अडतो, खिशात मावतात आणि हेडफोनच्या निम्म्यात येतात.

चष्मिश्ट
बरोबर आहे पण पाच-सहा तास कानात बोंड घालून बसणं सगळ्यांना झेपत नाही, मला तर तासाभरात कान खाजायला लागतो. आणि तिने विचारलेत हेडफोन.

कानात_बोंडं
सुचवलं आपलं. बोंड चिमटून बारीक करायचं, कान वरच्या बाजूने थोडा ओढून आत सरकवायचं आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचं, बरेच जण नुसतं कोंबतात आणि म्हणतात आवाज अडत नाही.

म्यूटवर_आहात
कॉलबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते, माझा अर्धा दिवस त्यातच जातो. बिनवायरच्या हेडफोनची एक गंमत आहे जी डब्यावर कुठेच लिहिलेली नसते. गाणं ऐकताना छान वाजत असतो आणि मीटिंग सुरू झाली की एकदम आवाज डब्यातून आल्यासारखा, पत्र्याचा. हेडफोन बिघडलेला नसतो. ब्लूटूथवर नेहमीच्या पद्धतीत एक तर चांगला स्टीरिओ आवाज एका दिशेने येतो नाहीतर माइक आणि आवाज दोन्ही, पण हलक्या दर्जाचे. माइक चालू झाला की लॅपटॉप आपोआप दुसऱ्यावर उडी मारतो, आवाज मोनो (दोन्ही कानांत एकच) होतो आणि जुन्या पद्धतीत तर आवाजाचे सेकंदाला फक्त ८००० नमुने टिपले जातात, गाण्याला ४४,१०० असतात. नवीन हेडफोन आणि नवीन लॅपटॉप दोन्ही असतील तर हा त्रास हळूहळू कमी होतोय, पण स्वस्तातल्या जोडीत अजून आहे.

यावर तोड सोपी आहे. मीटिंगच्या सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून हेडफोन निवड, आणि माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा. दोन वेगळी. मग आवाज पडत नाही. फक्त लॅपटॉपचा माइक आजूबाजूचं पण सगळं पकडतो, म्हणजे शेजारी हसला तर तुझ्या मीटिंगमध्ये हसणार. स्टुडिओवाल्या हेडफोनना माइकच नसतो, तिथेही हेच करायचं.

आणि बंद हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो, कानात बोट घालून बोलल्यासारखा. त्यामुळे माणूस नकळत वर बोलायला लागतो. आमच्याकडे एक जण नॉइज कॅन्सलिंग लावून कॉल घ्यायचा आणि पूर्ण मजल्याला त्याच्या क्लायंटची सगळी कुंडली पाठ झाली होती. गाणं बाहेर ऐकू जाणार नाही म्हणून तू क्लोज्ड-बॅक घेतेयस आणि मग स्वतःच माइकसारखी ओरडलीस तर काय उपयोग. मी कॉलच्या वेळी एक कप कानामागे सरकवते. ज्यांचे कप फिरतात त्यांना हे जमतं.

खिडकीजवळची
बापरे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. चष्मिश्ट, तुझी तळव्यांची परीक्षा मी घरातल्या एका जुन्या बंद हेडफोनवर करून बघितली आणि हादरलेच, हात लावला की बेस, हात काढला की गायब, नुसता दरवाजा उघड-बंद केल्यासारखं. बाबा समोर बसले होते, त्यांना वाटलं माझं डोकं दुखतंय.

अजून एक शंका. मी ट्रेनमध्ये सवयीने आवाज पूर्ण वाढवते, सकाळी कान भरल्यासारखे वाटतात. बंद हेडफोनने आवाज कानात कोंडून अजून त्रास होतो का?

अपडाऊनवाली
कोंडून वगैरे काही नाही, उलट आहे. आवाज वाढवतेस कारण बाहेरचा गोंगाट गाण्यावर चढतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे, ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास चालतं, ९० झालं की फक्त ४ तास. दहा डेसिबल वाढले आणि वेळ दहावा हिस्सा झाला. तुझा रात्रीचा एकच प्रवास आठवड्याचा कोटा संपवून वर उधारी करत असेल. म्हणून तर म्हणते, बाहेरची घरघर कमी झाली की तू आपणहून आवाज खाली आणशील. कान भरल्यासारखे वाटणं दोन दिवसांत गेलं नाही किंवा कानात शीळ वाजत राहिली तर मात्र डॉक्टरला दाखव, आमच्या भरवशावर राहू नकोस.

एक सवय लाव. घरी शांततेत पुरेसा वाटतो तो आवाज किती रेघांवर आहे ते बघून ठेव. गाडीत त्याच्या वर दोन-तीन रेघा चढवाव्या लागल्या तर ठीक. सात-आठ चढवाव्या लागत असतील तर तुझा हेडफोन बाहेरचं काही अडवत नाहीये असं समज.

वायरवाला
ही रेघांची युक्ती छान आहे. माझ्याकडून भर, नॉइज कॅन्सलिंग चालू केल्यावर काही जणांना कानात दडा बसल्यासारखं होतं, घाटात गाडी चढताना होतं तसं. खरा दाब नसतो, खालच्या पट्टीतला आवाज अचानक गेल्यामुळे मेंदू तसा अर्थ लावतो असं मानतात. मला ते सहन होत नाही, बायकोला काही वाटत नाही. घेण्याआधी कोणाचा तरी उसना लावून बघा.

आणि विमानाबद्दल, सीटसमोरच्या स्क्रीनला बहुतेक ठिकाणी वायरच लागते. जुन्या विमानात तर दोन पिनांची सॉकेट असते, त्याचा छोटा अडॅप्टर बॅगेत टाकून ठेवा, बोटाच्या पेराएवढा असतो, म्हणूनच हरवतो.

खिडकीजवळची
अपडेट देते, तीन आठवडे झाले.

आमच्या लांब टेबलाचा पहिल्यांदाच काहीतरी उपयोग झाला, चार जणांकडून चार हेडफोन एकेक दिवस उसने घेतले. एचडी २८० दुपारपर्यंतच टिकला, आवाज जबरदस्त अडवतो, मागून हाक मारलेली ऐकू आली नाही, पण काडीपाशी असा ठणका लागला की जेवताना चष्मा काढून बसले. सीएच७२०एन खूप हलका, एसीची घूं एका बटणात गायब झाली आणि तेव्हा कळलं की ती किती मोठी होती, पण पलीकडची दोघं लग्नाच्या हॉलबद्दल बोलत होती ती आता आणखी स्पष्ट ऐकू यायला लागली, कारण मागची घूं गेली आणि नुसतं बोलणंच उरलं. अपडाऊनवाली, तू लिहिलेलं वाचलं होतं पण कानाने ऐकल्यावर पटलं. एका सहकाऱ्याचा तिसराच कुठला तरी, नाव नको, त्याच्या गादीचं रेक्झिन सोलवटलेलं होतं, संध्याकाळी आरशात बघितलं तर कानावर काळे काळे पापुद्रे, लिफ्टमध्ये कोणी सांगितलंही नाही.

चौथा एम४०एक्स. तळव्यांची परीक्षा जाड चष्म्यावर काठावर पास, जुन्या धातूच्या काडीच्या चष्म्यावर पूर्ण पास. हो, तो जुना चष्मा सापडला, नंबर पाव कमी आहे, स्क्रीनला चालतो. शेजाऱ्याला विचारलं काही ऐकू येतंय का, तर आधी म्हणाला काय लावलंयस, म्हणजे नाही येत.

तर माझा हिशोब असा झाला, माझे महिन्याचे शंभरावर तास ऑफिसात आणि दहा-बारा गाडीत, ऑफिसातला त्रास बोलण्याचा आहे घरघरीचा नाही, म्हणून एम४०एक्स घेतला, सेकंडहँड, गादी नवीन टाकून. रात्रीच्या प्रवासात परवा तोच नेला. वायरवाल्यांनी सांगितलं तशी घरघर आत आलीच, घरच्यापेक्षा चार रेघा वर न्यावं लागलं, पूर्वी नऊ-दहा न्यायचे. झोपताना मात्र हेडफोन काढून फोमची बोंडं घातली, वर ओढून, फुगेपर्यंत धरून, कानात_बोंडं यांचे विशेष आभार, स्टेशन गेलं तरी कळलं नाही. म्हणजे खरंच गेलं, माझं स्टेशन नव्हतं नशिबाने.

तक्रार एकच, सोबत दोन वायरी आल्या, एक गुंडाळीची आणि एक तीन मीटर सरळ. ऑफिसात सरळवाली खुर्चीच्या चाकाखाली दोनदा आली. छोटी कुठली लागेल? फोनची साधी लावून बघितली तर हेडफोनच्या बाजूला बसतच नाही.

वायरवाला
नाही बसणार, हेडफोनच्या बाजूला २.५ मिलिमीटरची पिन आहे आणि ती फिरवून लॉक होते. १.२ मीटरची वायर वेगळी मिळते, "एम४०एक्स/एम५०एक्ससाठी" असं लिहिलेली बघून घ्या. नुसती २.५ ची घेतलीत तर पिन बरोबर असूनही तिचं प्लास्टिकचं बूड जाड असलं तर खोबणीत शिरत नाही, माझ्याकडे अशा दोन पडून आहेत. तोवर तीन मीटरवाली सैल वेटोळं करून वेलक्रोच्या पट्टीने बांधा, रबरबँड नको, आणि हेडफोनभोवती आवळून गुंडाळू नका, पिनेजवळ तार आतून तुटते आणि मग एकच कान वाजतो.

चष्मिश्ट
गादी नवीन कुठल्या प्रकारची टाकलीस ते सांगितलं नाहीस. जाड मेमरी फोमची असेल तर दोन आठवड्यांनी परत तळवे लावून बघ, फोम बसला की काडीपाशी परत फरक पडतो.

खिडकीजवळची
जाडवाली. आत्ताच बघितलं, बेस तेवढाच आहे. वायर मागवली.